आक्काचा खुराक

मामानं दारात म्हैस आणून बांधली त्या सकाळी मी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. सगळं त्यात आलं, पण असं एकदम सांगून कुणाला काय कळणार, म्हणून पहिल्यापासनं सांगते. भरभर सांगते. टायपिंगच्या क्लासात मास्तर म्हणतात, तुझी बोटं डोक्याच्या पुढं पळतात. पळू देत. थांबले तर हे माझ्याच्यानं लिहून होणार नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सालची गोष्ट, तेव्हा ती अठराची, मी चौदाची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, हायस्कूलला गणित शिकवायचे. आई घरी. आम्ही चौघंच. धान्य रेशनवर. कधी जोंधळा मिळायचा, कधी तो परदेशातनं आलेला लाल मिलो, त्याची भाकरी आईच्या हातात थापता थापता फुटायची. दोघी बहिणींना दोन-दोन भाकऱ्या, हा आईचा नेम.

आणि मामा. आईचा धाकटा भाऊ, मूळचा कुरुंदवाडचा, पण कोल्हापुरात तालमीत वस्ताद होता. पोरांना कुस्ती शिकवायची आणि कोण किती खातोय, किती पचवतोय ह्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. आमच्या दारातनं आत येताना त्याला जरा तिरकं व्हावं लागायचं. आक्का त्याच्यावर गेलेली. उंच, रुंद खांद्याची, भरली घागर एका हातानं उचलणारी.

"काय पैलवान, कवा उतरायचं आखाड्यात?" तो आल्या आल्या विचारायचा.

"तुमी पोट आत घ्या आधी मामा, मग बघू," आक्का म्हणायची आणि दंड दाखवायची. आम्ही सगळे हसायचो. ती पण हसायची, आणि ते हसणं खोटं नव्हतं, एवढं मला पक्कं माहीत आहे.

दसऱ्याच्या आधी तिला बघायला माणसं आली. पोहे झाले, चहा झाला, सगळं झकास. जाताना मुलाची आत्या चप्पल घालता घालता अण्णांना म्हणाली, "पोरगी गुणाची हाय हो. पर दांडगी हाय. आमचा मुलगा शेजारी बसला तर धाकला भाऊ वाटंल की तिचा." माणसं हसली. अण्णा पण हसले. आक्का कपबशांचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

त्या रात्रीपासनं तिनं अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकवायला सुरुवात केली. आई चुलीकडं तोंड करून, अण्णा पेपरात. "खा तू, वाढतं अंग हाय तुझं. सांगायचं न्हाय कुणाला." मी खाल्ली. खरं सांगते, मला भूक लागायची. त्या दिवसांत सगळ्यांनाच लागायची. मग अर्ध्याची एक झाली, एकीची दीड. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला. मी उंच झाले, गाल वर आले, शाळेत बाई म्हणाल्या तब्येत छान झाली गं तुझी. आणि आक्काचं ताट रोज रिकामं, लख्ख.

पहिल्यांदा सगळ्यांना बरंच वाटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता कशी पोरगी दिसायली." मग हळूहळू कुणी काही म्हणेना. मे महिन्यात ती अण्णांचा स्वेटर घालून बसायची. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. आणि बसायची तरी कुठं, दिवसभर उभीच. अंगण दोनदा झाडायचं, पाणी तीनदा भरायचं, संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत तरातरा जायचं आणि तरातरा यायचं, मला पळावं लागायचं तिच्या मागं. आई एकदा अण्णांच्या कानात म्हणाली, तिचं महिन्याचं पण थांबलंय. मी ऐकलं. अण्णांचा चेहरा असा झाला की मी पुस्तक उघडून बसले.

मग उपाय सुरू झाले.

गल्लीतले डॉक्टर म्हणाले क्षय असणार. छातीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ निघाला, तेव्हा आई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली आणि आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली. वैद्य म्हणाले अग्नी मंद झालाय, त्यांनी चूर्ण दिलं. आक्कानं बाटली संपवली, चूर्ण संपवलं, एक वेळ चुकवली नाही. काकू म्हणाल्या, हे बाहेरचं आहे, वाडीला न्या. अण्णांना असलं पटायचं नाही, पण आईपुढं त्यांचं चाललं नाही. नृसिंहवाडीला गेलो. आईनं अकरा प्रदक्षिणा घालायला सांगितल्या. आक्कानं अकरा घातल्या, एकवीस घातल्या, उन्हात फरशी तापली तरी थांबेना. ओवरीतल्या बायका म्हणाल्या, काय भक्ती आहे पोरीची. मी तिचा चेहरा बघत होते. भक्ती असती तर एकदा तरी तिनं देवळाकडं मान वळवली असती. ती नुसती चालत होती.

आणि जो तो एकच विचारायचा, जेवते का?

"जेवती की," आई सांगायची. "दोन भाकऱ्या खाती. ताट बघा हवं तर, धुवायला नगं इतकं साफ असतंय."

आई खोटं बोलत नव्हती. मी तिच्या शेजारी उभी राहून जमिनीकडं बघायचे. आक्का माझ्याकडं बघायची. बास, एवढंच.

तर ती सकाळ. मामा गावाकडं होता दोन महिने, पेरणीपाण्याला. आदल्या दिवशी परत आला, तिरका होऊन आत आला आणि आक्काला बघून तसाच तिरका उभा राहिला. पैलवान म्हणाला नाही. बाहेर जाऊन पायरीवर बसला. थोड्या वेळानं आई गेली तर म्हणाला, "ताई, ही पोरगी न्हाय राहिली, हा सापळा हाय. डॉक्टर बिक्टर बास झालं. माझ्या हातात द्या म्हैनाभर. मोडलेली पोरं उभी केल्यात मी."

दुसऱ्या दिवशी गवळ्याची म्हैस दारात. कोल्हापुरात धारेचं दूध म्हणजे सगळ्यावरचं औषध, डोळ्यांपुढं पिळायचं, फेसासकट तोंडाला लावायचं. मामानं तांब्या भरला, त्यात तूप सोडलं, खलबत्त्यात कुटलेले बदाम घातले आणि आक्कापुढं धरला.

"मला जात न्हाय मामा."

"जातंय. दोन भाकऱ्या जात्यात मग हे न जायला काय झालं?"

मी दाराच्या आड होते. तेव्हा बोलायचं होतं. मामा, जात नाहीत दोन भाकऱ्या, आठ महिने झाले, त्या मी खातेय. जिभेवर आलंतं. पण आक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या मनात काय आलं सांगू, की आता पिईल ती, बरी होईल, मग सांगायची गरजच काय. स्वतःचंच बघितलं मी.

आई तिच्या पायाशी बसली. "माझी शपथ हाय तुला." अण्णा खांबाला धरून उभे होते, चष्मा काढलेला. ते बघून आक्कानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळा प्याली. संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी दूध, तूप, दुपारी शिरा. चार दिवस. काकूंनी पेढे आणले. अण्णा म्हणाले, "पावणं, आम्ही उगंच फिरलो की हो दारोदार. तुमी हुतासा घरातच." मामा मिशीवरनं हात फिरवत बसला.

तिसऱ्या दिवशी आक्काचे पाय भरायला लागले. घोट्याची हाडं दिसेनाशी झाली. मामानं सगळ्यांना बोलावून दाखवलं. "हे बघा, अंग धरायली. पायाकडनं सुरुवात हुतीया, वर चढंल आता." आई पायांवरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होती. आक्का आपल्या पायांकडं अशी बघत होती, जसं काय तिच्या अंगावर कुणी दुसरंच चढून बसलंय. मी असे डोळे परत कुणाचे बघितले नाहीत.

पाचव्या सकाळी ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली. ओठ निळे. छातीवर कान ठेवला तर आत काहीतरी धावत होतं, अडखळत होतं, परत धावत होतं. मामानं तिला उचललं आणि टांग्याची वाट न बघता चालत सुटला. मागनं आम्ही. एवढा मोठा माणूस रस्त्यानं मोठ्यानं रडत चाललाय, लोक दुकानातनं उठून बघायलेत.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर होते, लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला होते, आता लष्करातनं सुटून आलेले. बारीक, रागीट, मान हलवायचे तीसुद्धा मोजून. त्यांनी आक्काला तपासलं, सुई दिली, मग आम्हाला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"काय खायला घालत होता?"

मामानं सांगितलं. दूध, तूप, बदाम, शिरा.

"आणि त्याच्या आधी किती दिवस उपाशी होती?"

"उपाशी न्हवती डॉक्टर," आई म्हणाली. "बारीक झाली, पर जेवत हुती. दोन भाकऱ्या..."

"बाई, नीट आठवून सांगा. मी तिला किती आणि काय द्यायचं हे ह्यावर ठरणार. चुकलो तर उद्या सकाळी ती नसेल. किती दिवस?"

कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"दसऱ्यापासनं," मी म्हणाले. "पहिल्यांदा अर्धी द्यायची, मग एक. आता चतकोरच खाती ती. बाकीच्या मी खाल्ल्या."

आई माझ्याकडं वळली. "तू खाल्लीस?"

एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं. दार उघडं होतं, पलीकडं खाटेवर आक्कानं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"तिनं खाल्ल्या नसत्या तर कुत्र्यानं खाल्ल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. "ह्या मुलीला आता कोणी बोलायचं नाही. घरात तेवढीच एक खरं बोललीय."

मग त्यांनी सांगितलं. लढाई संपल्यावर कैदी सुटले, महिनोन्‌महिने उपाशी ठेवलेले. सैनिकांना दया आली, डब्यातलं घट्ट दूध, साखर, मांस, हाताला येईल ते त्यांना भरवलं. आणि माणसं भरल्या पोटी मेली. उपाशी अंगाला एकदम खुराक सोसत नाही. मामा ऐकत उभा होता, मग खाली बसला, तसाच, फरशीवर.

आक्काच्या आजाराला त्यांनी नाव सांगितलं, ॲनोरेक्सिया नर्व्होसा, मनातल्या भीतीनं अन्न तोडायचा आजार. अण्णांनी ते कागदावर लिहून घेतलं, गणितातलं सूत्र घ्यावं तसं. "औषध काय ह्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"गोळी नाही. कुठं कुठं इन्सुलिन टोचून भूक जागवतात. हिच्या अंगात साखरच उरलेली नाही, मी ते करणार नाही. वेड्यांच्या इस्पितळात पाठवा म्हणणारेही भेटतील. पाठवू नका, ही वेडी नाही. नाकातनं नळी घालून अन्न सोडता येतं. तिनं काहीच घेतलं नाही तर ते करीन, पण शेवटी. मला करायचंय ते असं. अंथरुणातनं उठायचं नाही, गरम ठेवायचं, आणि दर दोन तासांनी वाटीभर. आज पेज, मग पाणी घातलेलं दूध. आठवडाभर एवढंच. आणि घरच्यांनी लांब राहायचं."

"आई पण?" आई म्हणाली.

"आई पहिली. तुम्ही रडता. हे समजूत घालतात. आणि ते," मामाकडं बोट, "ते वॉर्डात म्हैस आणतील. ही बसेल धाकटी. नियम सांगतो तुला. खा म्हणायचं नाही, खाल्लं तर शाबास म्हणायचं नाही, वाटीकडं बघायचं नाही. दुसरं काहीही बोल. येतं ना बोलायला?"

मला तेवढंच येत होतं.

पहिल्या दिवशी दोन वाट्या परत गेल्या. आक्का माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी बोलत होते. शाळेतलं, स्टुडिओच्या मागं शूटिंगचे घोडे सुटले त्याचं, काकूंच्या पेढ्यांना मुंग्या लागल्या त्याचं, काय वाटेल ते. तोंड कोरडं पडलं. तिसऱ्या वाटीला नर्सबाईंनी ट्रे आणून स्टुलावर ठेवला, पांढरं फडकं, खालनं रबरी नळीचं टोक दिसत होतं. डॉक्टर आले, ट्रे बघितला, म्हणाले, "हे इथं कशाला? भीती दाखवायला नाही ते. घेऊन जा." मग खाटेवर बसले.

"कशाची भीती वाटते?" त्यांनी आक्काला विचारलं.

ती म्हणाली, "पाय."

त्यांनी चादर बाजूला केली, तिच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "मांस असतं तर खड्डा भरून आला असता. हे पाणी आहे. उपासमारीनं साचतं, आणि एकदम खाल्लं की आणखी चढतं. हळूहळू खाल्लं की उतरतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. रोज सकाळी तुमच्या अंगठ्यानं दाबून बघा."

आक्कानं स्वतः दाबून बघितलं. तीनदा. मग ती वाटी घेतली.

रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं ते. अंगठा दाबायचा, बघत राहायचं. खड्डा उथळ होत गेला. बारा दिवसांत घोट्याची हाडं परत दिसली, आणि छातीतलं धावणं पण थांबलं. बाहेर चिंचेखाली मामा रोज येऊन बसायचा, आत यायची त्याला परवानगी नव्हती, माझ्याकडनं विचारून घ्यायचा, "बारके, आज किती वाट्या?" आणि सांगितलं की मान खाली घालून निघून जायचा.

पण खरी गाठ पुढं होती, हे डॉक्टरांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. पाणी उतरलं. आता जे यायला लागलं ते मांसच होतं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिनं दंडाला बोटांनी वेढा घातला, बघितलं, आणि दहाची वाटी बाजूला केली. बाराची केली. दोनची केली. डॉक्टर येऊन गेले, नर्सबाईंना बाहेर काहीतरी सांगितलं. मला कळलं, ते नळीचंच असणार. चारची वाटी आली. मी घोड्यांचं परत सांगायला लागले, आणि माझ्याच्यानं पुढं जाईना.

"गप का झालीस?" आक्का म्हणाली. एकवीस दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य.

"काय न्हाय."

"का सांगितलंस तू त्यांना? मी म्हणलंतं न्हाय सांगायचं."

"मेली असतीस."

"मी मेले असते. तुझं काय गेलं असतं?"

आणि मग माझ्या तोंडातनं सगळं बाहेर आलं, नियम बियम मोडून. "माझं काय गेलं असतं? त्या भाकऱ्या मी खाल्ल्या. आठ म्हैने. गोड लागायच्या मला. मामा दूध घेऊन उभा होता तेव्हा पण मी गप बसले. तू मेलीस तर मला जन्मभर हेच, की हिच्या वाटणीचं खाऊन मी मोठी झाले. तुला दिसतंय का हे कधी? तुला तुझे दंड तेवढे दिसत्यात."

तिनं मान वळवली. पहिल्यांदा मला नीट बघितलं, गाल, हात, सगळं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके महिने ती मला देत होती, आणि तिला वाटायचं ती चांगलं करतेय.

"मी दिल्या म्हणून खाल्ल्यास," ती म्हणाली.

"दिल्यास तू. खाल्ल्या मी."

पेज गार झाली होती, वर साय धरलेली. तिनं वाटी उचलली. "बघू नको माझ्याकडं," ती म्हणाली. मी खिडकीकडं तोंड केलं. चमच्याचा आवाज ऐकत होते. मध्ये थांबला, खूप वेळ थांबला, मग परत सुरू झाला.

त्या दिवशी ती बरी झाली असं कुणी समजू नये. दोन दिवसांनी परत वाटी सरकवली, मग परत घेतली. तीन महिन्यांनी घरी आली, तेव्हाही डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार पाच-सहा वर्षं मागं असतो, दर पंधरवड्याला आणत राहा, आणि लग्नाचं नाव आत्ता काढू नका. अण्णांनी पुढं कुणालाच पोहे खायला बोलावलं नाही. आईनं मला माफ केलं का, माहीत नाही. ताट मात्र ती अजून माझ्यासमोर वाढते आणि जेवण होईतो समोर बसते.

आक्का आता गारगोटीला शाळेत शिकवते, खोली घेऊन एकटी राहते. पत्रं पाठवते, पोरांच्या खोड्या, हेडमास्तरांची नक्कल, आज काय केलं जेवायला. ज्या पत्रात जेवायचं काही नसतं ते मी दोनदा वाचते आणि शनिवारची एस्टी धरते. काही विचारत नाही मी. तिला कळतं. दार उघडून बघते, "आलीस का हवालदारीण," म्हणते, आणि स्टोला पंप मारायला बसते.